दोराबजी टाटा: अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांच्या पोरांना ऑलिंपिकपर्यंत नेणारा माणूस

१०० मीटर धावायला किती वेळ लागतो?

हदगावात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या कुठल्याही पोराला हा प्रश्न विचारा. झोपेतून उठवून विचारलं तरी तो सेकंदांत उत्तर देईल, आणि वर दशांश चिन्हाच्या पुढचा आकडाही सांगेल.

पण साधारण १०० वर्षांपूर्वी पुण्यात हाच प्रश्न एका नावाजलेल्या क्रीडासंस्थेच्या सभासदाला विचारला गेला होता. एक-दोन मिनिटं लागत असतील, असं उत्तर त्यांनी दिल्याचं सांगितलं जातं. हिशोब मिनिटांचा नसतो, सेकंदाच्या दहाव्या भागाचा असतो, हे कळल्यावर ते चकितच झाले म्हणे. त्याच काळात, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या चार्ली पॅडॉकने ही शर्यत १०.८ सेकंदांत जिंकली होती.

किस्सा ऐकून हसू येतं. पण त्यात एक महत्त्वाची गोष्ट लपली आहे. आपल्याकडे धावणारी पोरं होती, आणि ती चांगली धावत होती. नव्हतं ते मोजलेलं अंतर आणि लावलेलं घड्याळ. त्यामुळे जगाच्या तुलनेत आपण कुठे आहोत, हे ना त्यांना माहीत होतं, ना जगाला.

ही उणीव ज्या माणसाच्या लक्षात आली, त्यांना आपण पोलाद कारखान्यामुळे ओळखतो. दोराबजी टाटा. जमशेदजींचे थोरले चिरंजीव.

आज जगभर आठवड्याला फुकट आणि घड्याळ लावून धावण्याचे उपक्रम चालतात. अशा वेळी दोराबजींची गोष्ट नव्याने समजून घ्यायला हवी. कारण मोजून धावण्यात एवढं काय आहे, याचं उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडतं.

खेळाची गोडी कुठून लागली?

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ चा, मुंबईचा. सुरुवातीचं शिक्षण मुंबईत झालं. १८७५ मध्ये वडिलांनी त्यांना इंग्लंडला पाठवलं. केंट परगण्यात एका खासगी शिक्षकाकडे ते शिकले आणि १८७७ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात दाखल झाले.

तिथे त्यांनी अभ्यास किती केला हा भाग वेगळा, पण मैदान मात्र सोडलं नाही. क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये चमकले. टेनिस खेळले, घोडेस्वारी केली. इंग्लंडमध्ये तेव्हा मैदानी शर्यतींचे नियम पक्के होत होते. आखलेली धावपट्टी, ठरलेलं अंतर, शेवटच्या रेषेवर घड्याळ घेऊन उभा असलेला माणूस, ही सगळी शिस्त दोराबजींनी तिथे जवळून पाहिली.

१८७९ मध्ये ते परत आले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून १८८२ मध्ये पदवी घेतली. त्यानंतरची २ वर्षं काय केलं असेल? पत्रकारिता! बॉम्बे गॅझेट या वर्तमानपत्रात ते काम करत होते. १८८४ मध्ये वडिलांच्या कापूस आणि कापडाच्या व्यवसायात आले. आधी पाँडिचेरीला गेले, मग नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये काम शिकले.

धंदा शिकता शिकता खेळाचा नादही चालूच होता. मुंबईतल्या शाळांना एकत्र आणून त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक क्रीडा संघटना उभी करायला मदत केली आणि तिचे सरचिटणीस म्हणून काम पाहिलं. आधी क्रिकेटचे सामने झाले, नंतर धावणं, उड्या अशा मैदानी स्पर्धाही त्यात आल्या. इंग्लंडमध्ये विद्यापीठांच्या स्पर्धांत जे खेळ होत, ते मुंबईच्या शाळकरी पोरांना खेळायला मिळावेत, हा त्यामागचा हेतू होता.

१८९८ मध्ये त्यांचं लग्न मेहेरबाई भाभा यांच्याशी झालं. मेहेरबाईंचे वडील म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी होते. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा हे त्यांच्या भावाचे चिरंजीव. मेहेरबाई स्वतः उत्तम टेनिस खेळायच्या, आणि तेही साडी नेसून. पुढे बालविवाहविरोधी कायद्यासाठी त्यांनी देशात आणि परदेशात बाजू मांडली. थोडक्यात, या घरात खेळ हा फावल्या वेळचा उद्योग नव्हता.

नागपूरच्या संग्रहालयातला नकाशा

धावण्याकडे वळण्याआधी एक प्रसंग सांगायला हवा, कारण दोराबजी कसे होते ते त्यातून कळतं.

जमशेदजींना भारतात पोलाद कारखाना काढायचा होता. त्यासाठी लोहखनिजाचा शोध चालू होता. दोराबजी अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स वेल्ड यांच्यासोबत चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर भागात, जंगलं तुडवत होते. पाण्याचे हाल, खाण्याचे हाल, प्रवास बैलगाडीचा. खनिज सापडलं, पण कारखान्याला पुरेल असा हिशोब जमेना.

शेवटी शोध थांबवत असल्याचं कळवायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. ज्या साहेबांना भेटायचं होतं ते जागेवर नव्हते. वेळ घालवायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तिथे त्यांना एक रंगीत भूगर्भीय नकाशा दिसला. दुर्ग जिल्ह्यातल्या एका भागावर लोहखनिजाची खूण होती. ते ठिकाण म्हणजे ढल्ली-राजहरा. पुढे भिलाईच्या कारखान्याला खनिज तिथून जाऊ लागलं.

टाटांचा कारखाना शेवटी तिथे झाला नाही. पुढे मयूरभंजची खनिजं मिळाली आणि साकची या गावी कारखाना उभा राहिला. पण त्या नकाशाने सोडून दिलेला शोध पुन्हा सुरू केला. तो नकाशा भिंतीवर सगळ्यांसमोरच होता. त्याच्याकडे बघून पुढचा हिशोब मांडणारा माणूस मात्र तेव्हा आत शिरला.

१९०४ मध्ये जमशेदजी गेले. वडिलांची अर्धवट राहिलेली कामं दोराबजींच्या खांद्यावर आली. १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी म्हणजे टिस्को स्थापन झाली. लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना, म्हणून कंपनी देशातल्या लोकांकडे गेली, आणि सुमारे ३ आठवड्यांत लोकांनी पैसा उभा केला. १९१० मध्ये दोराबजींना सर हा किताब मिळाला. १९१२ मध्ये साकचीत पहिलं पोलाद तयार झालं. १९१९ मध्ये साकचीचं नाव जमशेदपूर झालं आणि त्याच वर्षी दोराबजींनी न्यू इंडिया ही विमा कंपनी काढली.

याच १९१९ मध्ये पुण्यात आपली खरी गोष्ट सुरू होते.

पुण्याच्या मैदानात काय दिसलं?

पुण्यात १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना ही संस्था सुरू झाली होती. दोराबजी तिचे अध्यक्ष होते. संस्थेच्या वार्षिक मैदानी स्पर्धा व्हायच्या आणि त्यात धावायला येणारी बहुतेक पोरं शेतकऱ्यांची होती. शेतात राबणारी, साधं खाणं खाणारी, अनवाणी. युरोपातले नियम किंवा शास्त्रशुद्ध सराव त्यांनी कधी पाहिलेला नव्हता.

दोराबजी स्पर्धेच्या तयारीच्या बैठकीला गेले, तर तिथे वेगळाच बेत चालला होता. १०० यार्डांची शर्यत मैदानाच्या वळणावरून घ्यायची, आणि तीही धावपटूंच्या मध्ये दोऱ्या न बांधता. मैदान लहान होतं, गवत ओबडधोबड होतं, त्यामुळे सरळ पट्टा आखायला जागाच नव्हती.

यात बिघडलं काय? समजून घेऊया.

वळणावर आतल्या बाजूने धावणाऱ्याला कमी अंतर पडतं, बाहेरून धावणाऱ्याला जास्त. मध्ये दोऱ्या नसतील तर सगळे आत घुसतात आणि एकमेकांना धडकतात. पहिला कोण आला ते कळेल, पण तो नक्की किती अंतर धावला ते कळणार नाही. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. एवढ्या छोट्या शर्यतीत एका सेकंदाची चूक म्हणजे जवळपास १० टक्क्यांची चूक. अशी वेळ लिहिली काय आणि न लिहिली काय, सारखंच.

पण त्याच स्पर्धेत एक दुसरी शर्यत होती, लांब पल्ल्याची. साधारण २५ मैलांची. लोक तिला मॅरेथॉन म्हणायचे. कडक रस्त्यावरून ती पोरं अनवाणी धावली. पहिल्या काही जणांच्या वेळा दोराबजींनी पाहिल्या आणि युरोपातल्या वेळांशी ताडून बघितल्या. त्या बऱ्याच जवळ होत्या!

ना बूट, ना प्रशिक्षक, ना खुराक. तरीही जवळ.

पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात दोराबजींनी ही सगळी हकीकत नोंदवून ठेवली आहे. म्हणून ती आज आपल्याला माहीत आहे.

त्या मैदानावर पोरांना धावताना शेकडो लोकांनी पाहिलं असेल, टाळ्या वाजवल्या असतील. दोराबजींनी आकडा पाहिला. टाळी त्याच दिवशी विरून जाते. आकडा मात्र मुंबईला नेता येतो, गव्हर्नरसमोर ठेवता येतो, लंडनला कळवता येतो. त्यांनी नेमकं तेच केलं.

सहा जणांचा संघ

मुंबईचे गव्हर्नर तेव्हा सर जॉर्ज लॉइड होते. १९२० च्या ऑलिंपिकला भारताचा संघ पाठवावा, ही कल्पना दोराबजींनी त्यांच्यासमोर मांडली. त्याआधी १९०० मध्ये पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांनी २ रौप्यपदकं मिळवली होती, पण ते एकटेच गेले होते. भारताचा संघ कधीच गेला नव्हता. लॉइड यांच्या मदतीने ब्रिटिश ऑलिंपिक संघटनेमार्फत परवानगी मिळाली. समिती नेमली गेली. पुण्यात निवड चाचण्या झाल्या.

पैशांचं काय? काही सरकारने दिले, काही लोकवर्गणीतून आले आणि मोठा वाटा दोराबजींनी स्वतःच्या खिशातून उचलला.

संघात ६ जण होते. धावण्यासाठी फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार, एच. डी. कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी. कुस्तीसाठी रणधीर शिंदे आणि कुमार नवले. नावं वाचलीत तर लक्षात येईल, भारताच्या पहिल्या ऑलिंपिक संघावर मराठी मुलखाचा ठसा किती ठळक होता.

यातले चौगुले हे बेळगावकडचे, शेतकरी घरातले. वय १८ च्या आसपास. बोटीने आधी इंग्लंड, तिथे काही आठवडे सराव, मग बेल्जियम. ज्यांचा सगळा सराव गावाकडच्या रस्त्यावर झाला होता, ती पोरं थेट पहिल्या महायुद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या युरोपात उतरली.

२२ ऑगस्ट १९२० ला अँटवर्पची मॅरेथॉन झाली. अंतर होतं ४२.७५ किलोमीटर. आजच्या मॅरेथॉनपेक्षाही साधारण अर्धा किलोमीटर जास्त. ऑलिंपिकच्या इतिहासातली ही सगळ्यात लांब मॅरेथॉन. फिनलंडचे हान्स कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंदांत पहिले आले.

चौगुले १९ वे आले. वेळ: २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंद.

कुस्तीत रणधीर शिंदे यांनी उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. पदक थोडक्यात हुकलं.

२:५०:४५.४ म्हणजे किती?

१९ वा क्रमांक ऐकून अनेक जण म्हणतील, मग त्यात काय एवढं? म्हणूनच आकडा उलगडून बघूया.

४२.७५ किलोमीटर त्या वेळेत म्हणजे प्रत्येक किलोमीटर ४ मिनिटांच्या किंचित आत. ५ किलोमीटरच्या भाषेत सांगायचं तर २० मिनिटांच्या आत ५ किलोमीटर. तेही एकदा नाही. न थांबता लागोपाठ ८ वेळा, आणि वर आणखी पावणेतीन किलोमीटर.

तुम्ही नियमित धावत असाल तर येत्या रविवारी एकदाच २० मिनिटांत ५ किलोमीटर धावून बघा. चौगुले काय करून गेले ते पायांना कळेल.

या आकड्यात अजून एक धडा आहे. पुण्याची शर्यत साधारण २५ मैलांची, म्हणजे ४० किलोमीटरच्या थोडी वर होती. अँटवर्पची ४२.७५ ची. फरक अडीच किलोमीटरचा. चौगुल्यांच्या वेगाने एवढं अंतर धावायला १० मिनिटं लागतात. म्हणजे दोन्ही शर्यतींना मॅरेथॉन म्हटलं, तरी अंतर लक्षात न घेता वेळा शेजारी शेजारी ठेवल्या तर १० मिनिटांची गफलत होते. घड्याळ कितीही भारी असलं, अंतर मोजलेलं नसेल तर त्या वेळेला अर्थ नाही.

आणि हो, तिथे नोंद झाली म्हणूनच चौगुल्यांची वेळ आज, १०० हून जास्त वर्षांनी, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत आपल्याला सांगता येते.

त्याच शेतकऱ्यांची दुसरी गोष्ट

दोराबजींची गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धीच सांगितल्यासारखं होईल.

१९२० च्या आसपास टाटांच्या वीज कंपनीने पुण्याजवळच्या मुळशी खोऱ्यात धरण बांधायला घेतलं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. त्यासाठी मावळातल्या शेतकऱ्यांची भातखाचरं आणि गावं पाण्याखाली जाणार होती. १९२१ मध्ये रामनवमीच्या दिवशी मुळशी सत्याग्रह सुरू झाला. याच लढ्यामुळे पांडुरंग महादेव बापट पुढे सेनापती बापट म्हणून ओळखले जाऊ लागले. लोक तुरुंगात गेले, मार खाल्ला. धरण मात्र झालंच.

तेव्हा टाटा उद्योगाचे प्रमुख दोराबजीच होते.

म्हणजे ज्या पुण्यात शेतकऱ्यांच्या पोरांच्या पायातली ताकद त्यांनी ओळखली, त्याच पुण्याजवळ शेतकऱ्यांच्या पायाखालची जमीन त्यांच्या कंपनीच्या धरणात गेली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीमुळे दुसरी पुसली जात नाही. दोराबजींकडे बघताना दोन्ही डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात.

हिरा गहाण आणि पॅरिसची तयारी

अँटवर्पनंतर दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे भारतातले सदस्य झाले. आता प्रश्न होता तो पुढच्या संघाचा. एकाच शहरातल्या मैदानावरून देशाचा संघ निवडणं बरोबर नव्हतं. मद्रासच्या वायएमसीए संस्थेतले हॅरी बक आणि डॉ. नोहरन यांनी प्रांताप्रांतात फिरून क्रीडा संघटना उभ्या करायला सुरुवात केली. फेब्रुवारी १९२४ मध्ये दिल्लीत देशपातळीवरच्या स्पर्धा झाल्या. आजच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांची ती सुरुवात. त्यातून पॅरिस ऑलिंपिकसाठी संघ निवडला गेला.

पण त्याच १९२४ मध्ये टिस्को बुडायच्या बेतात होती. महायुद्ध संपल्यावर पोलादाचे भाव कोसळले होते, कामगारांचे पगार द्यायला पैसे नव्हते. दोराबजींनी इंपीरियल बँकेकडून १ कोटी रुपयांचं कर्ज काढण्यासाठी स्वतःची सगळी मालमत्ता गहाण ठेवली. त्यात मेहेरबाईंचा ज्युबिली हिराही होता. २४५ कॅरटचा, म्हणजे कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. कारखाना वाचला.

१९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी ती जबाबदारी पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्याकडे गेली. त्याच वर्षी ॲम्स्टरडॅमला भारताने हॉकीचं पहिलं सुवर्ण जिंकलं.

जून १९३१ मध्ये मेहेरबाई वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांना इंग्लंडमधल्या ब्रुकवुड इथे दफन करण्यात आलं. दोराबजींना मूलबाळ नव्हतं. १९३२ मध्ये त्यांनी आपली संपत्ती विश्वस्त निधीला देऊन टाकली. पत्नीच्या स्मृतीसाठी रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनाचा निधी वेगळा काढला. मग ते तिच्या कबरीला भेट द्यायला युरोपला निघाले. वाटेत जर्मनीतल्या बाड किसिंगेन इथे ३ जून १९३२ ला त्यांचं निधन झालं. आज ब्रुकवुडला दोघंही शेजारी शेजारी आहेत.

त्यांच्या निधीतून पुढे काय उभं राहिलं ते मराठवाड्याला वेगळं सांगायची गरज नाही. आपल्याकडचे किती तरी पेशंट नांदेडहून रेल्वेने मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलला जातात, ते १९४१ मध्ये या निधीतून सुरू झालं. समाजकार्याचं शिक्षण देणारी टिस ही संस्था १९३६ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या नावातच दोराबजी होते. तिचं एक केंद्र आपल्या तुळजापूरला आहे.

मग आठवड्याच्या फुकट धावण्याशी याचा संबंध काय?

दोराबजींनी वर्षातून एकदा होणाऱ्या स्पर्धेतून पोरं शोधली. पण वर्षातून एकदाच मोजलं तर त्या दिवशी ज्याचं पोट बिघडलं, ज्याला शेतातून सुट्टी मिळाली नाही, त्याचं काय? तो नोंदीत येतच नाही. आणि एक आकडा मिळाला तरी आपण सुधारतोय की नाही, हे एका आकड्यावरून कळत नाही.

या प्रश्नाचं एक साधं उत्तर २ ऑक्टोबर २००४ ला लंडनमध्ये सापडलं. पॉल सिंटन-ह्युइट नावाच्या धावपटूला दुखापत झाली होती. स्वतःला धावता येत नव्हतं, पण मित्रांची संगत सोडायची नव्हती. म्हणून त्याने बुशी पार्कमध्ये ५ किलोमीटर मोजले, घड्याळ लावलं आणि मित्रांना धावायला बोलावलं. पहिल्या दिवशी १३ जण धावले. फी नाही, बक्षीस नाही. रेषा ओलांडली की हातात क्रमांक यायचा. तो क्रमांक कशावर होता? हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या वायसरांवर! पुढच्या शनिवारी पुन्हा तेच, मग त्याच्या पुढच्या शनिवारी. हाच उपक्रम पुढे पार्करन म्हणून वाढला आणि आज २० हून जास्त देशांत दर आठवड्याला चालतो. सगळं काम स्वयंसेवक करतात.

१९१९ च्या पुण्याची आणि २००४ च्या लंडनची तुलना केली तर लागणारं सामान सारखंच दिसतं. मोजलेलं अंतर, चालू घड्याळ, लिहून घेणारा माणूस आणि कुणालाही अडवणार नाही अशी सुरुवातीची रेषा. फरक एवढाच की दोराबजींना देशात पहिले कोण ते शोधायचं होतं. आठवड्याच्या धावण्यात शेवटून पहिला येणाराही तितकाच मोजला जातो. ५५ वर्षांच्या काकू ४५ मिनिटांत चालत आल्या तरी त्यांची वेळ लिहिली जाते.

अँटवर्पच्या आपल्या संघात एकही मुलगी नव्हती. आज भरतीसाठी मुली ८०० मीटर आणि मुलं १६०० मीटर धावतात. अशा ठिकाणी आई, मुलगी, भरतीची पोरं आणि शुगर असलेले बाबा एकाच रेषेवरून निघू शकतात.

हदगावसारख्या गावात हे कसं करता येईल?

१९१९ मध्ये हदगाव निजामाच्या राज्यात होतं. पुण्याचं मैदान दूर, मुंबईचा गव्हर्नर त्याहून दूर. आज तसं काही अडत नाही. लागतं ते एवढंच:

• जागा: शाळा-कॉलेजचं मैदान परवानगी घेऊन, किंवा वर्दळ नसलेला आतला रस्ता. हदगावमधून नागपूर-तुळजापूर महामार्ग जातो. रस्ता गुळगुळीत असला तरी तिथे धावायचं नाही. ट्रकला तुमच्या वेळेशी देणंघेणं नसतं.

• अंतर: दुचाकीच्या मीटरवर विसंबू नका, मोबाइल ॲपही थोडंफार चुकतं. ५० मीटरचा टेप आणा आणि मैदानाची एक फेरी मोजा. फेरी २०० मीटरची असेल तर २५ फेऱ्या, ४०० ची असेल तर साडेबारा. रस्ता असेल तर सायकल घ्या. चाकाचा एक फेरा किती मीटरचा होतो ते आधी टेपने मोजा, मग चाकावर खूण करून फेरे मोजत जा. रस्त्यावरच्या मोठ्या शर्यतींची अंतरंही सायकलच्या चाकानेच मोजतात.

• वेळ: एकच घड्याळ, सगळ्यांसाठी एकदाच सुरू करायचं. एकाने येणाऱ्यांच्या वेळा ओरडून सांगायच्या, दुसऱ्याने लिहायच्या. क्रमांकाला वायसर चालतील, नाही तर पत्त्यांची पानंही चालतील.

• दिवस: ठरलेला वार, ठरलेली वेळ. मराठवाड्याच्या उन्हात सकाळी ६ च्या पुढे जाऊ नका. १० जण आले तरी घ्या, ३ आले तरी घ्या.

• वही: ही सगळ्यात महत्त्वाची. नाव, तारीख, वेळ. ग्रुपवर फोटो टाका, पण वही जपून ठेवा.

• पैसे: घ्यायचे नाहीत. फी आली की पावती येते, बक्षीस येतं, प्रायोजक येतो आणि ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो मागच्या मागे घरी जातो.

एक काळजी मात्र घ्या. हृदयाचा त्रास असेल, बीपी-शुगर असेल तर डॉक्टरांना विचारून चालण्यापासून सुरुवात करा.

दोराबजींकडे हिरा होता, कारखाना होता, गव्हर्नरपर्यंत ओळख होती. त्यातली एकही गोष्ट पुण्याच्या त्या पोरांनी २५ मैल किती वेळात पार केले हे कळायला लागली नव्हती. त्यासाठी रेषेवर उभं राहून वेळ लिहून घेणारा कुणी तरी पुरेसा होता. तुमच्या गावात ते काम कोण करेल, एवढं ठरलं की पुढच्या शनिवारी पहिलं पान लिहायला हरकत नाही.